टेकडीवरच्या झाडा-पाखरांची ओळख: नावाआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुट्टीच्या दिवशी तुम्ही मुलीला घेऊन जवळच्या टेकडीवर जाता, दिसेल त्याचे फोटो काढता आणि ॲपला विचारता. ॲप एक नाव देतं, सोबतचे जाणकार दुसरंच सांगतात आणि पुस्तकातलं चित्र तिसऱ्याशीच जुळतं. सोबत चार फोटो पाठवले आहेत. पांढऱ्या फुलांचं एक झाड, ॲपच्या मते कुडा. झाडावर बसलेला राखाडी, शिकारी दिसणारा पक्षी, ॲपच्या मते शिक्रा. काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं फुलपाखरू, ॲपच्या मते कॉमन रोझ. आणि गवतातला एक छोटा तपकिरी पक्षी, ज्याला ॲपने दर वेळी वेगळं नाव दिलं. शिवाय साप दिसला तर ओळखायचा कसा, हेही विचारलं आहे.

चारही फोटो उत्तम आहेत, कारण चारही ठिकाणी ॲपची अडचण एकच आहे आणि बहुतेक नवख्यांचीही तीच असते. आपण जुळवत बसतो. समोरची गोष्ट चित्रासारखी दिसली की नाव मिळालं असं वाटतं. पण निसर्गात एकमेकांसारखे दिसणारे जीव इतके आहेत की नुसतं साम्य पाहून काहीच सिद्ध होत नाही. ओळख पटवणं म्हणजे बाद करत जाणं. एखादं नाव सुचलं की लगेच विचारायचं, ‘अजून काय असू शकेल?’ आणि मग, ‘ते नाही, हे मी कशावरून म्हणतो?’ या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल तरच नाव वहीत लिहायचं.

उन्हाळा सुरू होतानाचं उदाहरण घ्या. पानं झडलेलं झाड, फांद्यांवर लालभडक फुलं. लांबून पाहणारा म्हणतो पळस. पण त्याच दिवसांत पांगारा आणि काटेसावरही निष्पर्ण होऊन लाल फुलतात. पळसाला पानं तीन, हे सगळ्यांना पाठ आहे. मात्र पांगाऱ्याचं पानही तीन पर्णिकांचंच (म्हणजे एकाच पानाच्या तीन सुट्या भागांचं) असतं, त्यामुळे ही खूण खरी असूनही या जोडीत कामाची नाही. कामाची खूण म्हणजे पांगाऱ्याच्या फांद्यांवरचे छोटे काटे, जे पळसाला नसतात, आणि पळसाच्या कळ्यांवरचं काळपट मखमली आवरण. काटेसावर बाद करणं सगळ्यांत सोपं: फूल मोठं, पाच जाड पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा झुबका, तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे आणि पान आलं की ते पंजासारखं. खरी खूण आणि वेगळं करणारी खूण यांतला हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता झाडांबद्दल थोडं सविस्तर, कारण झाड पळून जात नाही आणि शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

बहुतेक लोक आधी फुलाकडे जातात. मी शिकणाऱ्यांना फूल शेवटी पाहायला सांगतो. फूल वर्षातले काही दिवसच असतं, पान आणि फांदी बराच काळ असतात. कारवी घ्या. ती आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते, आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलते असंही नाही. मधली सात वर्षं ती उतारावर दाटीने उभीच असते. समोरासमोर येणारी, खरखरीत, कडेला दातेरी असलेली पानं पाहून ती ओळखता आली पाहिजे.

पहिली गोष्ट, पानं फांदीवर कशी आहेत: एकाआड एक, समोरासमोर, की एकाच पेरावर तीन-चार मिळून. एवढ्यानेच निम्मी नावं गळून जातात. दुसरी गोष्ट, पान साधं आहे की संयुक्त. इथे फार गोंधळ होतो, पण त्यावर एक खात्रीचा उपाय आहे. कळी शोधा. जिथे पान फांदीला जोडलेलं असतं, त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती कधीच नसते. कडुलिंबाच्या एकेका ‘पाना’च्या बुडाशी कळी सापडणार नाही, कारण त्या पर्णिका आहेत. अख्खी दांडी मिळून एक पान होतं, आणि कळी त्या दांडीच्या बुडाशी असते. आवळ्याचं बरोबर उलट आहे. त्याची बारीक पानांची डहाळी अगदी संयुक्त पानासारखी दिसते, पण फुलं त्या बारीक पानांच्या बेचक्यांतच येतात. म्हणजे ती सुटी, साधी पानं आहेत आणि दांडी ही खरं तर छोटी फांदी आहे. आवळ्याखाली उभं राहून हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुस्तकातली दहा पानं वाचूनही इतकं पक्कं समजत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पानाच्या बुडाजवळचे छोटे तपशील, ज्यांकडे सहसा कुणी बघत नाही. समोरासमोरची अखंड कडांची पानं आणि दोन देठांच्या मध्ये फांदीवर एक छोटं त्रिकोणी उपपर्ण दिसलं, तर ते झाड बहुधा कदंबाच्या कुळातलं. गेळा असो वा कदंब, ही खूण सापडतेच. कोवळ्या फांदीला पानाच्या सांध्यापाशी गोल वळं उमटलेलं असेल आणि चीक येत असेल, तर वड-पिंपळ-उंबराच्या गोतावळ्यात शोधा. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि चुरडल्यावर वास आला की तुळशीचं कुळ आठवतं, पण इथेही तोच प्रश्न विचारा. घाणेरीचं खोडही चौकोनी असतं, पानं समोरासमोर असतात आणि वासही उग्र येतो, पण ती तुळशीच्या कुळातली नाही. घाणेरीच्या गुच्छात एकाच वेळी दोन-तीन रंगांची फुलं दिसतात, कारण फूल जुनं होताना रंग बदलतं. शिवाय तिला मांसल, पिकल्यावर काळी होणारी फळं धरतात. तुळशीच्या कुळात फूल गळल्यावर निदलपुंजाच्या (फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या वाटीच्या) तळाशी चार सुके छोटे दाणे उरतात.

चीक तपासताना जपा. एका पानाचं टोक पुरे, फांदी मोडायची गरज नाही, आणि तो हात डोळ्यांकडे न्यायचा नाही. शेर, निवडुंगासारख्या झाडांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर पानही तोडू नये. तिथे फक्त पाहायचं.

आता तुमचं पांढऱ्या फुलांचं झाड. समोरासमोर पानं, पांढरा चीक, पांढरी फुलं आणि जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. ॲपने ‘कुडा’ म्हटलं ते चुकीचं नाही, पण कुडे तीन आहेत. शास्त्रीय वंश पाहिला तर पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना. काळा कुडा आणि तांबडा कुडा हे दोन्ही राइटिया. पांढरा आणि काळा यांत सगळ्यांत जास्त गल्लत होते. फुलात डोकावून पाहा. काळ्या कुड्याच्या फुलाच्या घशाशी बारीक तंतूंची झालर असते आणि परागकोश एकत्र येऊन मध्ये टोकदार सुळका बनवतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते, परागकोश नळीत लपलेले असतात, त्यामुळे फूल मधून मोकळं दिसतं. फुलं संपली असतील तर शेंगा पाहा. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळ्या असताना टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि पुढे सुटतात. तांबड्याची पानं हाताला मखमली लागतात आणि दोन्ही शेंगा जुळून एकच जाड, पांढऱ्या ठिपक्यांची शेंग झालेली दिसते. तुमच्या फोटोत फुलाच्या मध्यभागी झालर स्पष्ट दिसते आहे आणि पानं गुळगुळीत आहेत, तेव्हा तो काळा कुडा. ॲपने पांढऱ्या कुड्याचं शास्त्रीय नाव दिलं, कारण ॲपला तुम्ही आधी दिलेला फोटो दहा-बारा फुटांवरून काढलेला होता आणि त्यात झालर दिसतच नव्हती.

अशा जोड्या जमवत जा. ऐन आणि अर्जुन ही अशीच जोडी. दोन्हींना पाच पंखांची फळं येतात, दोन्हींच्या पानांच्या बुडाशी ग्रंथींचे उंचवटे असतात. मग खोडाकडे जा. ऐनाची साल काळपट असते आणि तिला मगरीच्या पाठीसारख्या खोल चौकटी पडलेल्या असतात. अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी असते, आणि तो बहुतेक वेळा ओढ्याच्या किंवा नदीच्या काठालाच भेटतो. बाभूळ, हिवर आणि खैर या तिघांत काटे आणि फुलं बघायची. खैराचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात आणि फुलांचे तुरे लांबट. बाभळीचे काटे सरळ पांढरे, फुलांचे गोल पिवळे गेंद आणि मण्यांची माळ असावी तशी शेंग. हिवराचे गेंद फिकट पांढरट आणि सालही पांढरट. गवत आणि लव्हाळा यांत गोंधळ झाला तर दांडा बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळ्याच्या कुळातला. गवताचा दांडा गोल असतो आणि त्याला पेरं असतात.

झाडाचा फोटो एकच काढू नका. पूर्ण झाड, फांदीवर पानं कशी आहेत ते, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ असेल तर फळ, आणि खोडाची साल. यांपैकी ज्यात वेगळं करणारी खूण दिसते तो फोटो ॲपमध्ये पहिला टाका.

पक्ष्यांचं तंत्र निराळं आहे, कारण पक्षी तुमच्यासाठी थांबणार नाही. इथे रंग सगळ्यांत कमी भरवशाचा. उजेड बदलला की रंग बदलतो, नर-मादी वेगळे असतात, पिल्लं वेगळी असतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात चकचकीत निळा-जांभळा असतो. तो काळ सरला की मादीसारखा फिकट पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. कोकिळा कोकिळासारखी काळी नसतेच, ती तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. म्हणून आधी आकार ठरवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, की घारीएवढा. मग चोच, शेपटीची लांबी आणि ठेवण, पाय. मग वागणं: जमिनीवर चालतो की उड्या मारतो, शेपूट खालीवर करतो की पंख्यासारखी पसरतो, फांदीच्या टोकावर बसतो की झुडपात दडतो. भारद्वाज आणि कोकीळ नर दोन्ही काळे, पण भारद्वाज विटकरी पंख घेऊन जमिनीवर सावकाश चालत जातो आणि कोकीळ बहुतेक वेळा पानांआड असतो. दयाळ आणि चिरक दोन्ही काळे-पांढरे वाटतात. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा असतो. चिरकाचा नर पोटाखालीही काळाच असतो, खांद्याशी थोडा पांढरा असतो आणि उभारलेल्या शेपटीखाली तांबूस रंग दिसतो.

तुमचा ‘शिक्रा’ इथे बसतो. शिक्रा आणि पावशा यांचं साम्य इतकं आहे की छोटे पक्षी पावशालाही शिकारी समजून कालवा करतात. पावशा हा कोकिळाच्या कुळातला. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि शिकाऱ्यासारखं दिसणं त्याला त्यात उपयोगी पडत असावं. दोघांची पाठ राखाडी, छातीवर तांबूस छटा आणि आडव्या रेषा, शेपटीवर पट्टे, आणि फांदीवर येऊन बसण्याची ढबसुद्धा सारखी. मग बाद कशावरून करायचं? चोचीवरून आणि पायांवरून. शिक्र्याची चोच आखूड, बुडापासूनच खाली वळलेली आणि टोकाला आकडी असते. त्याचे पाय लांब पिवळे आणि नख्या ठसठशीत असतात. पावशाची चोच बारीक, जवळजवळ सरळ आणि टोकाशी किंचित झुकलेली. त्याचे पाय आखूड असतात आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. तुमच्या फोटोत चोच बारीक आहे आणि पाय जवळजवळ दिसतच नाहीत. तो पावशा आहे. पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकू आलं असतं तर फोटोची गरजच पडली नसती, पण इतर वेळी तो बराचसा गप्प असतो आणि तेव्हाच फसवतो. पिल्लांच्या बाबतीत आणखी जपा, कारण शिक्र्याच्या आणि पावशाच्या दोन्ही पिल्लांच्या छातीवर उभे फराटे असतात. तिथेही चोचच कामाला येते.

काळ आणि जागा यांचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा. पाणवठ्यावर भर जूनमध्ये शेपूट हलवणारा धोबी दिसला, तर तो बहुतेक पांढऱ्या भुवईचाच असणार, कारण तो इथला कायमचा रहिवासी. बाकीचे धोबी हिवाळी पाहुणे. पावसाळा संपला की येतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत जातात. त्यामुळे दर नोंदीत तारीख, ठिकाण, उंची आणि अधिवास लिहा: सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर), गवतात, ओढ्याकाठी, दाट झाडीत. पुढे कधीतरी हाच तपशील नाव पक्कं करतो.

कीटकांकडे वळताना एक सोपी जोडी आधी: चतुर आणि टाचणी. बसल्यावर पंख पसरलेले ठेवतो आणि डोळे मोठे, बहुधा एकमेकांना भिडलेले असतात तो चतुर. पंख पाठीवर मिटते आणि डोळे दोन बाजूंना सुटे असतात ती बहुधा टाचणी. फुलपाखरू आणि पतंग यांत मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या.

तुमचं काळं-लाल फुलपाखरू मला चारही फोटोंत सगळ्यांत जास्त आवडलं. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते आणि त्या वेलीतली विषारी द्रव्यं अंगात साठवते. फुलपाखरू झाल्यावरही ती टिकतात, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आता कॉमन मॉर्मनची मादी बघा. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, तिच्यात हे विष नसतं. या जातीच्या माद्या तीन रूपांत आढळतात. एक रूप नरासारखंच असतं, दुसरं कॉमन रोझची नक्कल करतं आणि तिसरं क्रिमझन रोझची. नक्कल पंखांपुरती मात्र इतकी हुबेहूब असते की फोटोत भले भले फसतात. पण अंग लपत नाही. रोझ फुलपाखरांचं शरीर लालभडक असतं, मॉर्मनचं काळं. तुमच्या फोटोत पंख अर्धवट उघडे आहेत आणि मधून काळं शरीर दिसतं आहे, म्हणजे ती कॉमन मॉर्मनची मादी. मुलीला हे दाखवा आणि पुढच्या वेळी अशी फुलपाखरं दिसली की आधी पोटाचा रंग सांगायला लावा. तिला ते फार लवकर जमेल. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी ही अशीच दुसरी जोडी. तिथे मागच्या पंखाच्या मध्यभागी असलेले काळे ठिपके बघायचे, ते प्लेन टायगरला असतात. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर मिळतात, त्यामुळे रुईचं झुडूप दिसलं की पानांची खालची बाजू जरूर पाहा. कीटक ओळखायला झाड ओळखता येण्याचा मोठा उपयोग होतो, तो असा.

नक्कल करणाऱ्यांत कोळीही आहेत. पानावर धावणारी मुंगी थोडी विचित्र वाटली तर पाय मोजा. आठ निघाले तर तो मुंगीसारखा दिसणारा उड्या मारणारा कोळी. तो पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवत असतो.

आता साप. इथे माझा सल्ला बाकीच्यापेक्षा वेगळा आहे आणि मी तो कळकळीने देतो. साप ओळखण्यासाठी जवळ जायचं नाही. बाद करत जायची सगळी पद्धत निवांतपणे, जवळून आणि चुकलं तरी चालेल अशा परिस्थितीत लागू पडते. सापाच्या बाबतीत यांपैकी काहीच नसतं. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप माणसांना सर्वाधिक धोकादायक ठरतात, आणि चौघांसारखे दिसणारे बिनविषारी साप आहेत. मण्यार आणि कवड्या यांचं उदाहरण पुरेसं आहे. दोघांच्या गडद अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे डोक्याकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरचे खवले मोठे आणि षटकोनी असतात. ही माहिती खरी आहे, पण पाठीवरचे खवले दिसतील इतकं जवळ जाणं म्हणजेच धोका. घोणशीचंही तसंच. जाड अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात. ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारी धरा, काही पावलं मागे या, त्याला जायला वाट द्या. फोटो काढायचाच तर लांबून, झूम करून. साप पकडणं किंवा मारणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाही आहे.

दंश झालाच तर साप शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालणारं असतं, त्यामुळे मेलेला साप दवाखान्यात न्यायची गरज नसते. दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका आणि १०८ ला फोन करून शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठा. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजून घरी थांबू नका.

वनस्पतींतही असेच काही अपवाद आहेत जिथे पाहण्यापलीकडे जाऊ नये. पानाचं टोक वळून तणाव (आधार धरणारा दोरा) झालेली वेल दिसली आणि लाल-पिवळ्या, उलट्या वळलेल्या पाकळ्यांचं फूल असलं, तर ती कळलावी. ती सगळीच विषारी, कंद सर्वांत जास्त. गुंजेच्या सुंदर लाल-काळ्या बिया मुलांना खेळायला देऊ नका. खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली तर भयंकर खाज सुटते. आणि रानातलं काहीही, विशेषतः अळंबी, फोटोवरून किंवा ॲपवरून ओळखून चाखायचं नाही.

प्राणी प्रत्यक्ष क्वचित दिसतात, त्यांचे माग जास्त दिसतात. मऊ मातीत चार बोटांचा ठसा दिसला तर नखं बघा. कुत्रा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात. बिबट्याची नखं चालताना आत असतात, म्हणून ती बहुतेक उमटत नाहीत, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उभार दिसतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा. तिरका फोटो मोजता येत नाही.

ॲप वापरायचं की नाही? जरूर वापरा, पण नाव विचारायला नको, नावांची यादी मिळवायला. आयनॅचरलिस्टसारखं ॲप फोटोतल्या नमुन्याची तुलना लाखो फोटोंशी करतं आणि सगळ्यांत जवळचं काय ते सांगतं. म्हणजे तेही जुळवतच असतं. ज्या जातींचे फोटो खूप आहेत त्या यादीत पुढे येतात, त्यामुळे दुर्मीळ किंवा कमी फोटो असलेली जात मागे पडू शकते. ॲपने दिलेली पहिली तीन-चार नावं उतरवा आणि प्रत्येकाला बाद करायचा प्रयत्न करा. जे बाद होत नाही, ते उत्तर. तिथे ‘रिसर्च ग्रेड’ लिहून आलं की ओळख पक्की झाली असं बरेच जण मानतात. त्याचा अर्थ इतकाच की ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक लोक एका नावावर सहमत आहेत. ते सगळे मिळून चुकू शकतात, म्हणून कुणी नाव दिलं की ‘कशावरून?’ हे नम्रपणे विचारा. जाणकारांना हा प्रश्न आवडतो आणि त्याच उत्तरातून खरं शिकायला मिळतं. पक्ष्यांचे आवाज ओळखायला मर्लिन हे ॲप उपयोगी आहे, पण त्याने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत धरू नका. आवाजाच्या ध्वनिफिती वाजवून पक्ष्यांना बोलावणं तर पूर्ण टाळा, विशेषतः विणीच्या काळात.

एक वही ठेवा. ॲप उघडण्याआधी तिच्यात खुणा लिहा. आधी नाव कळलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच बघतात. टेकडीवरची दहाएक झाडं निवडून वर्षभर त्यांच्याकडे जात राहा: पानगळ, पालवी, कळी, फूल, फळ, त्यावर येणारे कीटक आणि पक्षी. एक झाड बारा महिने पाहिलं की त्याच्या जवळच्या साऱ्या जाती ओळखायला सोप्या जातात, कारण नेमकं काय बघायचं ते कळलेलं असतं. दगड उलटून पाहिला तर हळूच तसाच परत ठेवा, घरट्याजवळ रेंगाळू नका.

राहिला चौथा फोटो, गवतातला छोटा तपकिरी पक्षी. बारीक चोच, लांब शेपूट, ती वर उचललेली, आखूड पंख: हा वटवट्या आहे, इतकं मी खात्रीने सांगतो. शिंपी नाही, कारण डोक्यावर तांबूस टोपी नाही आणि पाठ हिरवट नाही. पण साधा वटवट्या की रान वटवट्या, हे या फोटोवरून ठरत नाही. चोच गवताच्या पात्यामागे आहे आणि पिसं घासलेली दिसताहेत. राखी वटवट्या मी बाद करतो, कारण डोकं करड्या पाटीच्या रंगाचं नाही. उरलेल्या दोघांत जोर लावून एक निवडू नका. वहीत ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असं लिहा. ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. तो पक्षी त्याच गवतात पुन्हा भेटेल. तेव्हा चोचीचा जाडपणा, अंगाचा आकार आणि गाणं, या तीन गोष्टी टिपा आणि जमलं तर मोबाइलवर त्याचा आवाज नोंदवून पाठवा.